ओट्याचे माप



मी कोणी विदुषी नाही. तुमच्यासारखीच रोज भाकरी थापणारी बाई आहे. तेव्हा घरातलेच बोलते.

आपल्या कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात कळंबा तलावाचे पाणी ‘पाण्याच्या खजिन्या’पर्यंत आले. पुढे नळ दारात आला, पिठाची गिरणी आली. डोक्यावरची घागर आणि पहाटेचे जाते सुटले. ही मोठी कामे इतरांनी केली. स्वयंपाकघरातल्या लहान सुधारणा मात्र आपणच करायच्या आहेत.

माझ्या सासूबाईंचा खांदा कित्येक वर्षे दुखत असे. लेप झाले, शेक झाला. “वय झालं, चालायचंच,” असे त्याच म्हणत, आणि आम्हीही ते मान्य केले. एके दिवशी त्या ओट्याशी कणीक मळत होत्या. मी बाजूने पाहिले, तर दोन्ही खांदे कानांपर्यंत चढलेले! ओटा गवंड्याने आपल्या नेहमीच्या मापाने बांधलेला, सासूबाई ठेंगण्या. त्याच दिवशी मी त्यांच्या पायांखाली रुंद, न डुगडुगणारा पाट ठेवला. महिन्याभरात शेकाची पिशवी खुंटीला लागली. मला आनंद झाला, आणि लाजही वाटली. इतकी वर्षे आम्ही औषध शोधले. बाईकडे कोणी पाहिलेच नाही.

अमेरिकेतील लिलियन गिलब्रेथ या बारा मुलांच्या आई आणि नामांकित इंजिनिअर. 1929 साली त्यांनी एक नमुनेदार स्वयंपाकघर आखले. ओटा बाईच्या उंचीप्रमाणे असावा आणि तिची पावले वाचावीत, हा त्यांचा आग्रह होता. आपणही घरी माप घ्या. सरळ उभ्या राहा आणि कोपर काटकोनात धरा. चिरण्या-निवडण्याची जागा कोपराच्या 10 ते 15 सेंटीमीटर खाली असावी. मळायला जोर लागतो, म्हणून परात त्याहूनही खाली बरी.

दुसरे, एक भाजी करताना किती खेपा होतात त्या मोजा. मीठ, चटणी, तेल शेगडीपासून हाताच्या अंतरावर आणा. जड डबे कमरेच्या उंचीवर ठेवा. माळ्यावर वर्षातून एकदा लागणारीच भांडी चढवा.

तिसरे, कडधान्य रात्री आणि डाळ अर्धा तास आधी भिजवा, लवकर शिजते. उघड्या पातेल्यात पाणी एकदा उकळले की आच कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही. गॅस मात्र जळतो. तेव्हा आच कमी करून झाकण ठेवा. कुकरमध्ये दाबामुळे उष्णता सुमारे 120 अंशांपर्यंत जाते, म्हणून वेळ वाचतो. शिट्टीचे छिद्र मात्र रोज उजेडाला धरून पाहा, आणि वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडू नका.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. असा अर्धा तास वाचला, तर तो कोणाचा? आपण लगेच त्यात दुसरे काम घालतो. पापड लाटतो, कपाट आवरतो. मग सोय झाली, पण विसावा मिळाला नाही. भगिनींनो, त्यातली पंधरा मिनिटे तरी आपली ठेवा. पाय पसरून बसा, वर्तमानपत्र वाचा. घरच्यांनाही ते स्पष्ट सांगा, आणि पाण्याचे पिंप भरणे, ताटे घेणे ही कामे मुलांना व पुरुषमंडळींनाही वाटून द्या.

आज घरी गेल्यावर एवढेच करा: घरातली बाई काम करताना तिच्याकडे एकदा बाजूने पाहा. खांदे चढले आहेत का? कंबर वाकली आहे का? असेल, तर पाट कोठे ठेवायचा ते तुम्हालाच सुचेल.