आरोग्याचे माप कोणाच्या हाती?



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आरोग्य कार्यकर्त्यांपुढे प्रश्नावल्यांविषयी बोलणे काहींना रुक्ष वाटेल. डॉक्टर, औषध आणि रस्ता यांची वानवा असताना कागदावरच्या प्रश्नांची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु ज्याच्या हाती माप असते त्याच्याच हाती वाटप जाते, हे कष्टकऱ्याने धान्याच्या खळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. आता आरोग्याचेही असेच माप घेतले जात आहे. ते तपासणे हे म्हणूनच राजकीय काम आहे.

मृत्युदरावरून माणसे किती मेली ते कळते. जिवंत माणूस कसा जगतो ते कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रश्नावल्या निघाल्या. त्यांपैकी तीन प्रमुख आहेत. १९८७ साली स्थापन झालेल्या युरोपीय संशोधकांच्या गटाची 'ईक्यू-५डी' पाचच गोष्टी विचारते: हिंडणे-फिरणे, स्वतःचे आवरणे, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता वा उदासीनता. उत्तर फक्त आजच्या दिवसाचे असते. १९९२ सालची अमेरिकी 'एसएफ-३६' छत्तीस प्रश्नांतून मागील चार आठवड्यांचा आढावा घेते. जागतिक आरोग्य संघटनेची संक्षिप्त प्रश्नावली सव्वीस प्रश्नांची असून मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. शरीर व मन यांच्याबरोबर ती नातेसंबंध आणि परिसर यांनाही स्थान देते. तिच्या मूळ विस्तृत प्रश्नावलीच्या घडणीत दिल्ली आणि मद्रास येथील केंद्रांचाही वाटा होता.

आता या तिन्ही आपल्या भूमीवर ठेवून पाहा. 'एसएफ-३६'च्या मूळ इंग्रजी मजकुरात मध्यम श्रमाची उदाहरणे आहेत ती टेबल हलवण्याची, धूळ ओढणारे यंत्र ढकलण्याची आणि गोल्फ खेळण्याची. आहुप्याच्या पावसात दिवसभर वाकून भाताची आवणी करणाऱ्या बाईने त्यावर काय उत्तर द्यावे? ईक्यू-५डी थोडक्यात आटोपते, निरक्षरालाही तोंडी विचारता येते, शस्त्रक्रियेआधी व नंतर रुग्णाला किती आराम पडला हे दाखवते. हे तिचे गुण मान्य केलेच पाहिजेत. पण तिचा 'आज' मे महिन्यातला की आवणीतला, यावर उत्तर बदलते. शिवाय ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर दरड कोसळून १५१ माणसे गेली. त्यानंतर पाऊस वाढला की डोंगराखालच्या वस्तीची झोप उडते. जुन्नरच्या उसात रात्री पाणी धरणाऱ्याला बिबट्याची धास्ती असते. ईक्यू-५डीच्या चिंतेच्या रकान्यात ही भीती आली, तरी तिचे कारण येत नाही. रोजच्या जगण्यात सुरक्षित वाटते का, पैसा पुरतो का, वाहन आणि दवाखाना मिळतो का, हे जागतिक आरोग्य संघटनेचीच प्रश्नावली विचारते.

परंतु उपचाराचा खर्च ठरवताना वापरली जाते ती प्रामुख्याने ईक्यू-५डी. तिच्या पाच पायऱ्यांच्या आवृत्तीतून ३,१२५ अवस्था निघतात. प्रत्येकीला मूल्य असते: पूर्ण आरोग्य म्हणजे एक, मृत्यू म्हणजे शून्य, आणि काही अवस्था शून्याच्याही खाली. भारतीय मूल्ये २०२२ साली प्रसिद्ध झाली. कोणता उपचार खर्चाच्या मानाने योग्य, हे तपासणारी यंत्रणा केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात २०१७ पासून उभी आहे. असे आकडे तिच्या उपयोगाचे असतात. उपचारांची तुलना यातून होईल. पण पाड्यावर दवाखानाच नाही, याची नोंद या हिशेबात कोठे होणार?

याहून खोल अडचण उत्तर देणाऱ्याच्या मौनाची आहे. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे पाहणी झाली. जवळजवळ निम्म्या विधुरांनी आपली प्रकृती चांगली नसल्याचे सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या शेकडा दोन-तीनच होत्या. अमर्त्य सेन यांनी हे उदाहरण वारंवार पुढे मांडले. आयुर्मानात पुढे असलेल्या केरळात आजाराच्या तक्रारी अधिक आणि मागासलेल्या बिहारात कमी, हेही त्यांनी दाखवले. ज्याने बरे दिवस पाहिलेच नाहीत तो 'बरं हाय' म्हणतो. त्या शब्दावर विसंबून निधी वाटला, तर जो अधिक सोसतो त्यालाच कमी मिळेल.

यावर उपाय नाही असे नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यातील वढू येथे २००७ च्या सुमारास पन्नाशीपुढील लोकांची पाहणी झाली. तीत प्रकृतीबरोबर रोजच्या कामांतील अडचणी आणि जगण्यातील समाधानही विचारले गेले. काल्पनिक माणसांच्या हकिकती ऐकवून त्यांची प्रकृती जोखायला सांगण्याची पद्धतही तेथे वापरली गेली. त्यामुळे उत्तर देणाऱ्याची मोजपट्टी कोणती, याचा अंदाज येतो.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी. या तालुक्यांत पाहणी होईल ती आवणीत आणि उन्हाळ्यात, अशी दोनदा व्हावी. बाईला बाईनेच, एकांतात आणि तिच्या बोलीत विचारावे. उत्तराच्या जोडीला वजन, रक्तातील हिमोग्लोबिन आणि दवाखान्याचे अंतर यांची नोंद असावी. मंचर-नारायणगावच्या बागायती पट्ट्याची आणि पश्चिमेच्या आदिवासी गावांची सरासरी एक करू नये. डिंभ्याचे पाणी पूर्वेकडे गेले, निदान आकडे तरी पश्चिमेचे पश्चिमेला राहू द्या. आणि निष्कर्ष प्रथम ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

प्रश्न विचारण्याचा अधिकार आजवर वरच्यांकडे राहिला आणि उत्तर देण्याचे कर्तव्य खालच्यांकडे. कोणते प्रश्न विचारायचे, हे ठरवणाऱ्यांत आदिवासी शेतकरी आणि शेतमजूर स्त्री बसेल, तेव्हाच आरोग्याचे माप खरे होईल.