लेबल सजवावे, मालाचा रंग मात्र खराच ठेवावा
(उत्पादक शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याला माल चांगला कसा पिकवावा हे सांगण्यासाठी मी आज उभा नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, सांगलीच्या बेदाण्याला आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये, तर सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माल नावाजलेलाच आहे. मात्र विक्रीची पद्धत बदलत चालली आहे. सौद्यात व्यापारी बेदाणा मुठीत घेऊन पाहतो, हळकुंड मोडून पाहतो. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक मोबाईलवर अर्धा किलोचे पाकीट मागवते, तेव्हा त्याच्यासमोर फक्त फोटो आणि लेबल असते. म्हणून संगणकावर फोटो सुधारणे आणि लेबल सजवणे हेही आता काढणीनंतरचे काम समजावे लागेल.

आपल्या भागाला हे नवे नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. ते काढणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे जाणकार होते. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्यालाही चित्राची आणि छपाईची गरज वाटली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

सुरुवात फोटोपासून

संगणकाचे काम सोपे व्हायचे असेल तर फोटो मुळात चांगला हवा. सकाळच्या उजेडात, सावलीत किंवा उत्तरेकडच्या खिडकीजवळ फोटो काढावा. भर उन्हात हळदीचा पिवळा रंग सपाट होतो, हळकुंडावरील वलये दिसत नाहीत, आणि स्ट्रॉबेरीवर पांढरी चकाकी येते. ट्यूबलाईटखाली काढलेल्या फोटोवर वेगळीच झाक येते. मालाशेजारी एक पांढरा कोरा कागद ठेवून पहिला फोटो घ्यावा. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो. मोबाईलमधील ‘ब्युटी’ आणि रंग खुलवणारे फिल्टर बंद ठेवावेत.

फोटो दुसऱ्याकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर तो आकसतो. छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे ४ × ६ इंचाच्या लेबलासाठी चित्र निदान १२०० × १८०० ठिपक्यांचे हवे. लहान चित्र ताणून मोठे केले तर ते अंधूकच छापले जाते.

रंग दुरुस्त करावा, बदलू नये

फोटोशॉप, कोरलड्रॉ ही सॉफ्टवेअर विकत घ्यावी लागतात. गिम्प आणि इंकस्केप मोफत मिळतात आणि शेतकऱ्याच्या कामाला पुरतात. फोटोसाठी गिम्प वापरावे, अक्षरे आणि रेषांच्या आकृत्यांसाठी इंकस्केप.

गिम्पमध्ये फोटो उघडून ‘कलर्स’मधील ‘लेव्हल्स’ घ्यावे. तेथे पांढरा बिंदू निवडण्याची नळी असते. तिने फोटोतील पांढऱ्या कागदावर टिचकी मारली की उजेडाची पिवळी-निळी झाक निघून जाते आणि माल डोळ्यांना दिसतो तसा दिसू लागतो. ही झाली दुरुस्ती. नंतर हीच सेटिंग त्याच उजेडातील बाकीच्या फोटोंना लावता येते.

‘सॅच्युरेशन’ची पट्टी पुढे सरकवली की रंग भडक होतो. मोह होतो तो येथेच. बेदाण्याचा भाव त्याच्या रंगावर ठरतो, हे आपणास ठाऊक आहे. तपकिरी बेदाणा फोटोत हिरवा करणे दोन मिनिटांचे काम आहे. पण पाकीट फोडल्यावर गिऱ्हाईकाला तपकिरीच माल दिसतो. माल परत येतो, वाहतुकीचा खर्च अंगावर पडतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. हळदीत बाहेरचा रंग मिसळणे हा गुन्हा आहे, हे आपण जाणतो. फोटोत रंग मिसळल्याने कोणाच्या पोटात विष जात नाही, पण फसवणूक तीच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीलाही लागू आहे.

सजावट कोठे करावी

मालाला हात न लावता सजावटीला भरपूर जागा असते. प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर, म्हणजे ‘लेयर’वर, ठेवावी. एका थरावर माल, दुसऱ्यावर पार्श्वभूमी, तिसऱ्यावर अक्षरे, चौथ्यावर किनार. मग किनार पसंत पडली नाही तर फोटो न बिघडवता ती काढता येते. मालाभोवतीचे खळे, पोती, हात कापून काढताना निवडीची कड ‘फेदर’ने थोडी मऊ करावी, म्हणजे कात्रीने कापल्यासारखे दिसत नाही. ‘ड्रॉप शॅडो’ने मालाखाली हलकी सावली द्यावी. ‘डेकॉर’ या भागात तयार किनारी मिळतात. त्यापेक्षा वारली, कशिदा, तोरण, हळदीचे पान यांतून स्वतः काढलेली साधी नक्षी अधिक शोभते. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या शेताचा फोटो उचलू नये. तो त्याच्या मालकीचा असतो आणि तो माल तुमचाही नसतो.

मराठी मजकूर युनिकोड अक्षरांत टंकित करावा. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर अक्षरांची खिचडी होते. काम गिम्पच्या स्वतःच्या फाईलमध्ये साठवावे. जेपीईजी वारंवार उघडून साठवली की दर वेळी चित्र थोडे खराब होते.

संगणकाचा पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, तर छापखाना चार शाईंनी छापतो. पडद्यावरचा झळाळता नारिंगी किंवा हिरवा कागदावर फिका उतरतो. म्हणून हजार लेबले छापण्यापूर्वी एक नमुना प्रत मागावी.

लेबलावरचा आवश्यक मजकूर

सजावटीखाली आवश्यक मजकूर दबता कामा नये. पाकिटावर मालाचे नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, उत्पादनाची व वापरण्याची मुदत, नाव-पत्ता, शाकाहारी चिन्ह आणि अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक ठळक वाचता आला पाहिजे. हे नियम २०११ चे वजनमापे नियम आणि २०२० चे लेबल नियम यांत आहेत. बेदाण्याला गंधकाची धुरी दिली असेल आणि सल्फाईट किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर ते लिहावे लागते. दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होऊ शकतो. बारकोडवर नक्षी काढू नये, त्याच्या दोन्ही बाजूंची पांढरी जागा मोकळी सोडावी. भौगोलिक मानांकनाचे चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यानेच छापावे.

रोगाच्या फोटोला हात लावू नये

एक गोष्ट आवर्जून सांगतो. द्राक्षाच्या पानावरील केवड्याचा तेलकट डाग किंवा हळदीवरील करपा तज्ज्ञाला दाखवण्यासाठी काढलेला फोटो कधीही सजवू नये. डागाचा पिवळेपणा, कडेचा रंग, पानामागील पांढरी वाढ यांवरूनच रोग ओळखला जातो. रंग बदलला तर सल्ला चुकतो आणि चुकीची फवारणी होते. अशा वेळी पानाची दोन्ही बाजू आणि संपूर्ण वेल असे मूळ फोटो जसेच्या तसे पाठवावेत.

या हंगामात प्रत्येकाने, किंवा गटातील एखाद्या शिकलेल्या मुलामुलीने, एक लेबल तयार करून पाहावे. छापून आल्यावर ते हातात घ्यावे, शेजारी त्याच मालाची मूठ धरावी आणि दोन्ही उजेडात पाहावे. दोहोंचा रंग जुळला तर खुशाल हजार प्रती छापाव्यात. नाही जुळला तर संगणकाकडे परत जावे.