अंतराळातील बांधकाम आणि तंत्रज्ञानाचे नियोजन
(एका व्याख्यानाचा गोषवारा)



धरण किंवा पूल बांधावयाचा म्हटले की प्रथम जागेची पाहणी, मग आराखडा, अंदाजपत्रक व नंतर प्रत्यक्ष काम, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. तथापि जेथे पाया खणण्यास जमीनच नाही, अशा अंतराळात शंभर मीटर लांबीचा सांगाडा उभारावयाचा असेल, तर आराखड्याच्याही आधी एक काम करावे लागते. ते म्हणजे आवश्यक तंत्रज्ञान विकसित करण्याचे नियोजन.

१९६८ साली पीटर ग्लेसर यांनी सौरशक्ती पृथ्वीवर पाठविणाऱ्या विशाल उपग्रहाची कल्पना मांडली. त्यातून पुढील दशकात अमेरिकेत अशा रचनांचा पद्धतशीर विचार सुरू झाला. अडचणी तीन होत्या. पहिली, अग्निबाणाच्या शिरोभागात मावेल तेवढेच सामान वर नेता येते. म्हणून रचना घडी घालून न्यावी लागते किंवा सुटे भाग नेऊन तेथे जोडावे लागतात. दुसरी, सुमारे दीड तासाच्या प्रत्येक प्रदक्षिणेत रचना कडक ऊन व कडाक्याची थंडी सोसते आणि तिचे भाग प्रसरण-आकुंचन पावतात. तिसरी, वजनाने हलका व लांब सांगाडा किंचित धक्क्यानेही दीर्घकाळ कंप पावतो. आणि पृथ्वीवर तो स्वतःच्याच भाराने वाकत असल्याने त्याची खरी परीक्षा येथे घेणे कठीण असते.

यावर उपाय म्हणजे पायरीपायरीने प्रयोग. पाण्याच्या मोठ्या हौदात तालीम केल्यानंतर नोव्हेंबर १९८५ मध्ये अटलांटिस यानातून गेलेल्या जेरी रॉस व शेरवुड स्प्रिंग या अंतराळवीरांनी ९३ नळ्या व ३३ सांधे जोडून सुमारे १४ मीटर उंचीचा सांगाडा उभारला. हे काम माणसाला साधते, हे सिद्ध झाले. त्याचबरोबर तरंगत राहून मोठे दांडे हाताळताना हात फार थकतात, हेही कळले.

या अनुभवाचे मोल पुढे दिसून आले. १९८४ मध्ये घोषित झालेल्या अमेरिकी अंतराळ स्थानकाचा सांगाडा अंतराळवीरांनी एकेक नळी जोडून उभारावा, अशी योजना होती. १९९० च्या तपासणीत आढळले, की केवळ देखभालीसाठीच वर्षाला दोन हजार तासांहून अधिक काळ यानाबाहेर काम करावे लागेल. तेव्हा आराखडा बदलून सांगाड्याचे मोठे खंड तारा व यंत्रांसह पृथ्वीवरच सिद्ध करण्याचे ठरले. पुढे हे स्थानक अनेक राष्ट्रांचे झाले. २० नोव्हेंबर १९९८ रोजी त्याचा पहिला रशियन विभाग वर गेला व डिसेंबरमध्ये अमेरिकी विभाग त्यास जोडला गेला. हे दोन्ही भाग पृथ्वीवर कधीही एकमेकांस जोडले गेले नव्हते. म्हणून नंतरचे अनेक विभाग केनेडी अंतराळ केंद्रात केबलांनी जोडून आधी तपासण्यात आले. २०११ पर्यंत मुख्य जुळणी पूर्ण होऊन सुमारे ४२० टन वजनाची, १०९ मीटर विस्ताराची रचना साकार झाली.

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी लागणाऱ्या सांधणीची पहिली परीक्षा १६ जानेवारी २०२५ रोजी, दोन लहान उपग्रह कक्षेत एकमेकांस जोडून, आपल्या शास्त्रज्ञांनी यशस्वी केली. स्थानकाचे जड विभाग जोडण्यापूर्वी लहान उपग्रहांवर प्रयोग, हा क्रम येथेही पाळला गेला.

अशा प्रयोगांवरील खर्च कित्येकांना अनाठायी वाटतो, कारण त्यातून डोळ्यांना दिसणारी वास्तू लगेच उभी राहत नाही. परंतु आराखड्यातील उणीव कागदावर असताना दूर करणे अल्प खर्चाचे असते. ती कक्षेत उघडकीस आली तर दुरुस्तीसाठी माणसाचा जीव धोक्यात घालावा लागतो. शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना यशस्वी उड्डाणांबरोबर या पूर्वतयारीचीही माहिती द्यावी, आणि गावची योजना आखणाऱ्यांनी चाचणीसाठी राखलेला पैसा हा कामाचाच भाग मानावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.