जमिनीत ओल, तर अर्थिंगमध्ये जीव
(तुर्भे येथे जमलेल्या शेतकऱ्यांपुढील भाषण)



ज्या तुर्भ्याच्या बाजारात धान्य येतं, तिथे आज आपण बसलो आहोत. इथे खाडी जवळ, मातीत ओल. आपल्या काळ्या रानाचं तसं नाही. मे महिन्यात हातहातभर भेगा पडतात. घराच्या अर्थिंगचा पाइप त्याच मातीत असतो, आणि कूलर चालतो तोही त्याच महिन्यात.

हिशेब करा. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला, तर तो अर्थिंगच्या तारेतून मातीत गेला पाहिजे. इतका, की फ्यूज उडावा. दाब २३० व्होल्ट. ओल्या मातीचा रोध ५ ओहम असेल तर ४६ अँपिअर वाहतात, फ्यूज उडतो. माती सुकून रोध ५० ओहम झाला, तर ५ अँपिअरसुद्धा वाहत नाहीत. १६ अँपिअरचा फ्यूज शाबूत आणि पत्रा जिवंत! त्याला लेकराचा ओला हात लागला तर?

म्हणून तीन कामं करा. अर्थिंगचा पाइप अडीच मीटर खोल, न्हाणीच्या ओलीजवळ घ्या. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अर्थिंग कमजोर असलं तरी करंट गळताच तो वीज तोडतो. आणि न्यूट्रल गेली म्हणून अर्थिंगच्या तारेवर दिवा लावू नका.

सुकत्या कपाशीला आपण पाणी देतो. उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यातही घागरभर ओता.