मक्याचं तणनाशक, हरभऱ्याची पिवळी पानं

खरिपात मका, रब्बीत हरभरा. मक्यातल्या तणांसाठी ॲट्राझिन फवारतात. मका ते पचवतो, त्याचं निर्विष रूपांतर करतो. हरभऱ्याला ते जमत नाही. मात्रा जास्त पडली, पाऊस कमी झाला किंवा जमीन चुनखडीची असली, की ॲट्राझिनचा अंश रेंगाळतो. हरभरा उगवतो छान. मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. अन्नद्रव्य कमी पडलं असं समजून खतावर विनाकारण खर्च होतो.

तणनाशकामुळे होणारी मातीच्या आतली घडामोड प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसते. नमुन्यात टीटीसी हा रंगहीन क्षार मिसळून तो उबेत ठेवला, की सूक्ष्मजीवांमधलं डिहायड्रोजिनेज हे विकर त्याला लाल करतं. तणनाशकाची मात्रा जास्त झालेल्या मातीत हा लाल रंग अनेकदा फिका येतो. फॉस्फटेज हे मातीतलं दुसरं विकर मंदावलं, तर सेंद्रिय पदार्थातला स्फुरद पिकाला उशिरा मिळतो. शिफारशीच्या मात्रेत हा परिणाम बहुधा तात्पुरता असतो, हेही सांगायलाच हवं. शेणखत भरपूर असलेली माती लवकर सावरते.

ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक तर मँगेनीज, जस्त यांसारख्या धातूंना धरून ठेवतं. पिकाच्या पोषणावर त्याचा किती परिणाम होतो, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

शेतात ॲट्राझिनचा अंश उरल्याची शंका असेल तर पेरणीआधी एका कुंडीत त्या शेतातली माती, दुसरीत कधीच तणनाशक न फवारलेली माती भरावी. दोन्हींत काकडीचं बी टाकून दोन-तीन आठवडे रोपं शेजारी ठेवून पाहावीत. शेतातल्या मातीतली रोपं पिवळी पडली, तर तिथे हरभऱ्याऐवजी ज्वारी पेरणं शहाणपणाचं.