पन्नास आवर्तनांची गुणगुण

तारापूरच्या समुद्रकांठीं १९६९ सालीं भारतांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. २००५ व २००६ सालीं तेथें ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच चालू झाले. त्यांची वीज इतर केंद्रांच्या विजेप्रमाणेंच सेकंदाला पन्नास आवर्तनें करते. बोईसरच्या कारखान्यांत तिच्या गुणगुणीकडे कोणी कान देत नाहीं. मज्जातंतूंच्या प्रयोगशाळेंत मात्र हीच गुणगुण मोठें संकट होऊन बसते.

मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनीं १९६२ सालीं तेथें जीवशास्त्राचें संशोधन सुरू केलें, आणि पुढें तें फळांवर घिरट्या घालणाऱ्या चिमुकल्या माशीच्या मज्जातंतूंकडे वळलें. या तंतूंतून जाणारा संदेश विजेचाच असतो. पण किती अल्प! पेशीच्या आंतबाहेरचा फरक सुमारें ७० मिलिव्होल्टांचा, आणि बाहेरून टिपावयाचा संदेश तर पुष्कळदां एका मिलिव्होल्टाहूनहि कमी. भिंतींतल्या तारेंत २३० व्होल्ट. ॲम्प्लिफायर संदेशाबरोबर गुणगुणहि मोठी करतो. आपलें कोणतें नि परकें कोणतें हें त्याला कळत नाहीं.

पालघर व बोईसर येथें अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें आहेत, आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धांवते. तिकडून अशा एखाद्या प्रयोगशाळेंत उमेदवारीला येणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली अडचण ही, कीं शेंकडों व्होल्टांची संवय झालेल्या हाताला येथें व्होल्टाचे सहस्रांश सांभाळावे लागतात. केसासारख्या बारीक टोंकाच्या कांचनळींतील चांदीच्या तारेवर क्लोराइडचा करडा थर असतो. तो झिजला, कीं पडद्यावरचा आंकडा आपोआप सरकूं लागतो. तार घासून मिठाच्या पाण्यांत विजेनें पुन्हां थर चढविणें हें काम त्याच्याकडे येतें.

गुणगुणीचा माग काढणें याहून अवघड. एकेक दिवा, पंप, मोटार बंद करून पडद्यावरची रेषा न्याहाळावी लागते. प्रयोगाभोंवतीं तांब्याच्या जाळीचा पिंजरा असूनहि ती थरथरत असेल, तर बहुधा दोन यंत्रें निरनिराळ्या ठिकाणीं जमिनीशीं जोडलेलीं असतात व त्यांच्या तारांचें मिळून एक वेटोळें झालेलें असतें. येथेंच मोह होतो. एका प्लगमधील अर्थिंगची तार सोडली, कीं गुणगुण पुष्कळदां तत्काळ थांबते. संशोधकहि खूष होतो. पण त्याच यंत्राच्या धातूच्या पेटींत उद्यां वीज उतरली, तर तिला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. माशीच्या संदेशासाठीं माणसाचा जीव टांगणीला लावणें हा सौदा विद्यार्थ्यानें करूं नये. वरिष्ठांनीं सांगितलें तरीहि नाहीं. अर्थिंग तशीच ठेवून सर्व यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावी, आणि मापनाच्या जोडण्या एकाच बिंदूशीं आणाव्या. यांत कधीं दोन दिवस जातात. संगणकानें पन्नास आवर्तनें गाळतां येतात खरीं, पण गाळतांना मज्जातंतूच्या लहरीचाहि आकार बिघडूं शकतो.

मग काय बदललें, कोणती तार कोठें नेली, हें तारखेसह यंत्राजवळच्या वहींत लिहावयाचें. पुढें कोणास रेषेंत नवी लहर दिसली, तर ती माशीची कीं मोटारीची हें ठरवितांना प्रथम तीच वही उघडली जाते.