वेदना, अफू आणि आमची भीती
(मंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'अफू' असे सांगितले आणि ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हायचा, वधूवरांची यादी वाचली जायची, त्यात ही अफू कोठून उपटली, असे त्यांना वाटले असावे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. वैद्यक हा आमच्या अधिकाराचा विषय नव्हे. तथापि आमच्या घरी जे घडले त्यामुळे गेली काही वर्षे या विषयावर मिळेल ते आम्ही वाचीत आलो आहोत.

आमच्या थोरल्या बंधूंना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखू-चुन्याची सवय तरुणपणापासूनची होती. रोग हाताबाहेर गेल्यावर डॉक्टरांनी दुखणे थांबविण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुचविल्या. घरातला शिकलेला माणूस म्हणून आम्ही पुढे झालो आणि नको म्हणालो. 'अफूचे औषध ते, सवय लागेल,' हे आमचे शब्द. ज्यांच्या हाती दोन महिने उरले होते त्यांना सवय लागण्याची काळजी आम्ही केली! दादा रात्र रात्र उशीची खोळ मुठीत आवळून बसत. पंचवटीतल्या त्या घराच्या भिंती काही जाड नाहीत; पलीकडच्या खोलीत आम्हांस सारे ऐकू येई. एकदा वहिनींनी विचारले, "भाऊजी, त्या गोळ्या का नाही आणायच्या?" आम्ही त्यांनाही तेच उत्तर दिले. मास्तरांचे म्हणणे म्हणून त्या गप्प राहिल्या.

आमची भीती अगदीच हवेतली नव्हती. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी रडते मूल निजविण्यासाठी बाळगोळी देत, तीत अफू असे. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अशी गोळी चाटवून जात. डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२० नंतरच्या वर्षांत या बायकांची पाहणी केली, तेव्हा ही चाल चाळीचाळीतून सर्रास असल्याचे त्यांना आढळले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. परंतु दिवसभर यंत्रापाशी उभे राहणाऱ्या बाईने मूल ठेवावे कोणापाशी? पुढे १९८० नंतर 'गर्द' आला. हेरॉइनचेच ते गाळसाळ रूप. चांगल्या घरांतील मुले त्यापायी घरातली भांडी विकू लागली. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले ते याच मुलांसाठी.

त्याच १९८६ साली मुंबईत वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' निघाले. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांची अखेरची शुश्रूषा करणारी देशातील ही पहिली संस्था. आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवरील उपचारांची तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग कोडीनसारखी, आणि तरीही दुखणे न थांबल्यास मॉर्फिन, तेही शक्यतो तोंडाने, घड्याळाच्या ठरलेल्या वेळी, दुखणे उसळण्याची वाट न पाहता. अफूच्या पोटातले हे दोन झगडे, एक सोडविण्याचा आणि एक देण्याचा, एकाच वर्षी आपल्याच राज्यात सुरू झाले, आणि आम्हांस मात्र त्यांतला एकच ठाऊक होता.

कायद्याने या अज्ञानात भर घातली. गर्दच्या व्यापाऱ्यांना धाक बसावा म्हणून १९८५ साली गुंगीकारक औषधी द्रव्यांविषयीचा कायदा झाला. धाक बसला तो औषधाच्या दुकानदारांना आणि इस्पितळांना. निरनिराळे परवाने, मुदती, शिवाय चूक झाल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी. मॉर्फिन ठेवील कोण? १९९७ पर्यंत देशातला त्याचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. आणि हा देश कोणता? कायदेशीरपणे अफू पिकविणाऱ्या जगातील मोजक्या देशांपैकी एक. शेजारच्या माळव्यात परवान्याने पीक निघते, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत, आणि आपला रुग्ण तळमळतो. २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसारखी सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सुलभ झाले. तरीही २०१७ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच औषध पोहोचत होते.

आता व्यसनाविषयी संशोधक काय म्हणतात? ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. बरेच दिवस मॉर्फिन घेतल्यास शरीराला त्याची सवय होते, एकदम बंद केल्यास अंग दुखते, घाम सुटतो. म्हणून ते हळूहळू उतरवितात. परंतु औषधासाठी मन वखवखणे, नुकसान दिसत असूनही हात न आवरणे, हे व्यसन निराळे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णांत पहिली गोष्ट नेहमीची, दुसरी क्वचित. बद्धकोष्ठ मात्र ठरलेलेच. रेचक सोबत द्यावे लागते. मात्रा फार झाल्यास श्वास मंदावतो, हेही लपवू नये.

तथापि याच वाक्याचा अमेरिकेत कसा घात झाला, ते ऐकण्यासारखे आहे. १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात अशी औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्यांत, केवळ ४ जणांना ते लागल्याचे आढळले, इतकेच त्यात होते. पत्र शेकडो लेखांत उद्धृत झाले; हे रुग्ण रुग्णालयातले होते, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणारे नव्हते, हे बहुतेकांनी गाळले. पुढचा मुलगा लिहितो तेच मागचा उतरवितो आणि प्रश्न कोणीच वाचीत नाही, हे आम्ही वर्गात पुष्कळ पाहिले आहे. १९९६ मध्ये 'ऑक्सीकॉन्टिन' ही गोळी बाजारात आली, जुन्या पाठदुखीलाही सढळ हाताने दिली जाऊ लागली, आणि पुढे अशा औषधांपायी लाखो माणसे दगावली. उत्पादक कंपनी पर्ड्यू हिने २०२० मध्ये फौजदारी गुन्हे कबूल केले.

तेव्हा पाठ-गुडघे दुखतात म्हणून कोणी या गोळ्या मागू नयेत, आणि ट्रॅमाडॉलची जुनी चिठ्ठी पुन्हापुन्हा दुकानात चालवू नये. तीही याच कुळातली आहे. परंतु कर्करोगाने जर्जर झालेल्या माणसाच्या उशाशी बसून अमेरिकेचे दाखले देऊ नयेत. दादांच्या पश्चात वहिनींनी आम्हांस एका शब्दाने बोल लाविला नाही. लाविला असता तर बरे झाले असते.

कोणाच्या घरी असा रुग्ण असेल आणि डॉक्टरांना मॉर्फिनविषयी कसे विचारावे याचा संकोच वाटत असेल, तर भोजनानंतर आम्हांस भेटावे. आम्ही सोबत येऊ. कोणाचा मुलगा गर्दच्या किंवा गोळ्यांच्या नादी लागला असेल, त्यानेही भेटावे. चारचौघांत नव्हे, बाहेर ओसरीवर.